कोंबड्यांतील टोचाटोची व पिसे उपटण्याची खोड : कारणे आणि उपाय

परसातील कुक्कुटपालन हा शेतीला पूरक आणि घरच्या घरी होणारा व्यवसाय आहे. वीस-पंचवीस गावठी कोंबड्या किंवा गिरिराज, वनराजा यांसारखे सुधारित पक्षी बहुधा घरातील स्त्रीच सांभाळते. अंड्यांचे व कोंबड्यांचे पैसे तिच्या हाती येतात. मुलांच्या वह्या, औषधपाणी, सणवार असा वरखर्च त्यातून भागतो. म्हणून कळपातील पाच-सहा तलंगा दगावल्या, तर ते नुकसान थोडे समजू नये. त्यातही पक्षी रोगाने न मरता सोबतच्याच पक्ष्यांनी टोचून मारले असतील, तर पाळणाऱ्याला काय करावे ते सुचत नाही. "रक्ताची चटक लागली, आता कापून खा" असा सल्ला मिळतो आणि चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या मातीमोल भावाने जातात.

वास्तविक ही खोड वेळीच ओळखल्यास ती थांबविता येते. तिच्यामागे बहुतेक वेळा आपल्याच व्यवस्थापनातील एखादी उणीव असते. ती उणीव कोणती, हे शोधणे महत्त्वाचे आहे.

पेरणीच्या दिवसात ही तक्रार का वाढते?

परभणी-परळी रेल्वेमार्गावरील पोखर्णी व आसपासच्या गावांत कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारी ही मुख्य पिके आहेत. वर्षातील बराच काळ येथील कोंबड्या मोकळ्या फिरतात. उकिरडा, गोठा, खळे आणि बांध यांवर त्या दिवसभर उकरत असतात. परंतु मृगाचा पाऊस पडून पेरणी झाली, की कोंबड्या बी उकरून खातात अशी शेजाऱ्यांची तक्रार येते. घरात भांडण नको म्हणून सर्व कोंबड्या खुराड्यात कोंडल्या जातात. रब्बीच्या पेरणीलाही असेच घडते. मुंगूस, कुत्री किंवा मांजर यांच्या भीतीनेही पक्षी कोंडले जातात.

कोंडल्यानंतर एकाच वेळी चार गोष्टी बदलतात. पहिली, पक्ष्याला मिळणारी जागा एकदम कमी होते. दुसरी, किडे, वाळवी, गांडुळे व कोवळा पाला हे प्रथिने आणि जीवनसत्त्वे देणारे खाद्य बंद होते. तिसरी, दिवसभर उकरण्याचे काम नाहीसे होते. चौथी, दबलेल्या पक्ष्याला पळून जाण्यास वाट राहत नाही. कोंबडी मात्र उकरण्याची व चोच मारण्याची आपली उपजत सवय सोडत नाही. जमिनीवर टोचण्यासारखे काही मिळाले नाही, तर ती शेजारणीच्या पिसांवर चोच मारते. एकदा रक्त निघाले, की लाल रंगाकडे इतर पक्षी धावतात आणि एकीचे पाहून दुसरी शिकते. ही खोड जंतूंमुळे पसरत नाही, परंतु कळपात रोगाइतक्याच वेगाने पसरते.

साधे भांडण आणि खोड यांतील फरक

कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. वरचढ कोंबडी खालच्या कोंबडीला डोक्यावर किंवा तुऱ्यावर एखादी चोच मारते आणि खाद्यावर आधी हक्क सांगते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डेरुप-एबे यांनी १९२१-२२ च्या सुमारास कोंबड्यांच्या या उतरंडीचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. अशी चोच मारून भांडण मिटते. नवीन पक्षी आणल्यावर दोन-चार दिवस हे चालणारच. त्याची चिंता करू नये.

खोडीचे स्वरूप वेगळे असते. यात पक्षी रागाने नव्हे, तर शांतपणे दुसऱ्याची पिसे ओढतो आणि पुष्कळदा खातोही. शेपटीच्या बुडाशी उघडी कातडी दिसू लागते, मग जखम होते. सर्वात घातक प्रकार म्हणजे अंडी घालण्याच्या जागेवर टोचणे. पहिल्या वेतातील तलंग अंडे घालते तेव्हा तो भाग क्षणभर बाहेर येऊन ओला व लालसर दिसतो. तेथे चोच बसली, तर थोड्याच वेळात आतडी ओढली जाऊन पक्षी दगावतो. लहान पिल्लांत पायाची बोटे टोचण्याचा प्रकार आढळतो.

पिसे कोठली गेली, यावरून कारण ओळखा

पक्षी हातात धरून नीट पाहावा. पिसे गेलेली जागा पाहून पुष्कळ उलगडा होतो.

१) शेपटीचे बूड व पाठीचा मागील भाग उघडा असल्यास दुसरे पक्षी पिसे ओढत आहेत असे समजावे.

२) माद्यांच्या पाठीच्या मध्यभागी व पंखांच्या बुडाशी पिसे गेली असतील आणि कळपात कोंबडे जास्त असतील, तर ते कोंबड्याच्या नख्यांमुळे झालेले असते. दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. जादा कोंबडे विकावेत.

३) फक्त मानेच्या खालची पिसे गेली असल्यास खाद्याच्या भांड्याची किंवा जाळीची कड घासते का, ते पाहावे.

४) खुडूक कोंबडीच्या छातीवरची पिसे गेली असल्यास काळजी करू नये. अंड्यांना अंगाची ऊब नीट लागावी म्हणून तेथील कातडी उघडी होते. हे नैसर्गिक आहे.

५) वर्षातून एकदा जुनी पिसे झडून नवी येतात. या वेळी कातडी निरोगी असते व सर्व अंगावर नव्या पिसांचे कोंब दिसतात. मात्र या कोंबांत रक्त असते. ते दुखावल्यास रक्त येते आणि तेथूनच टोचाटोची सुरू होऊ शकते. म्हणून या काळात लक्ष ठेवावे.

६) कोंबडी स्वतःचीच पिसे उपटत असेल, अंग सारखे खाजवत असेल आणि रात्री बेचैन असेल, तर बाह्य परोपजीवी कीटकांचा संशय घ्यावा. उवा, पिसवा, गोचीड यांच्याबरोबरच पिकावरील लाल कोळ्याच्या जातकुळीतला एक अतिसूक्ष्म कोळी पिसाच्या मुळाशी कातडीत शिरतो. त्याच्या खाजेने पक्षी पीस मुळासकट ओढून काढतो.

गोचीड आणि लाल कोळी दिवसा पक्ष्याच्या अंगावर सहसा सापडत नाहीत. ते भिंतीच्या भेगांत, बांबूच्या सांध्यांत दडतात आणि रात्री रक्त पितात. त्यामुळे दिवसा पाहून "काही नाही" असे ठरवू नये. रात्री नऊ-दहा वाजता बॅटरी घेऊन पक्ष्यांचे पाय, पंखाखालचा भाग आणि बसण्याचे दांडे पाहावेत. दांड्याखाली रात्रभर पांढरा कागद अंथरल्यास सकाळी त्यावर कीटक किंवा रक्ताचे ठिपके दिसतात.

मुख्य कारणे व प्रतिबंधक उपाय

जागा : मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला फक्त रात्रीच्या मुक्कामासाठी एक चौरस फूट जागा पुरते. तीच कोंबडी दिवसभर कोंडून ठेवायची असेल, तर गादी पद्धतीत तिला दोन ते अडीच चौरस फूट जागा लागते. म्हणजे ५० कोंबड्यांना निदान १० फूट लांब व १० फूट रुंद जागा हवी. रात्रीचे खुराडे हेच दिवसाचे घर करणे, ही सर्वात मोठी चूक आहे. पेरणीच्या काळात खुराड्यासमोर बांबू, तुराट्या किंवा जुनी मासळीची जाळी लावून कुंपण घालावे व त्यावर सावली करावी. पेरणी होऊन पीक वीतभर वाढेपर्यंत एवढी सोय पुरते.

खाद्य व पाण्याची भांडी : मोठ्या कोंबडीला खाद्याच्या भांड्याजवळ १० सेंटिमीटर आणि पाण्याजवळ अडीच सेंटिमीटर जागा लागते. ५० कोंबड्यांना ५०० सेंटिमीटर खाद्याची कड हवी. सव्वा मीटर लांबीच्या व दोन्ही बाजूंनी खाता येणाऱ्या भांड्यास २५० सेंटिमीटर कड मिळते. म्हणजे अशी दोन भांडी लागतील. ती एकमेकांपासून दूर ठेवावीत, म्हणजे दबलेल्या कोंबडीलाही खाता येते.

अंडी घालण्याची जागा : पाच कोंबड्यांमागे एक घरटे द्यावे. ते जरा अंधाऱ्या कोपऱ्यात असावे. जुने रॉकेलचे डबे, टोपल्या किंवा विटांचे कप्पे चालतात. उजेडात, सर्वांसमोर अंडे घालणाऱ्या तलंगेलाच मागून चोच बसते.

खाद्य : येथे बारकाईने लक्ष द्यावे. मोकळ्या कोंबडीला आपण रोज मूठभर म्हणजे ३० ते ५० ग्रॅम धान्य टाकतो. उरलेले ती स्वतः शोधते. कोंडल्यावरही तेवढीच मूठ टाकली, तर ती अर्धपोटी राहते. अंड्यावरील कोंबडीला कोंडलेल्या स्थितीत दररोज १०० ते ११० ग्रॅम संतुलित खाद्य लागते. शिवाय निव्वळ ज्वारी किंवा तांदळाची कणी पोटभर घातली तरी काम भागत नाही. ज्वारीत लायसिन कमी असते. शेंगदाणा पेंडीत लायसिन व मेथिओनिन ही दोन्ही आवश्यक आम्ले कमी पडतात. पिसे जवळजवळ संपूर्ण प्रथिनांची बनलेली असतात. खाद्यात मेथिओनिनसारखी गंधकयुक्त आम्ले कमी पडली, की पक्षी पिसे खाऊ लागतो.

म्हणून कोंडलेल्या काळात बाजारातील अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य द्यावे किंवा घरच्या भरड्यात सोयाबीन पेंड, थोडी सूर्यफूल पेंड व चांगल्या प्रतीची सुकी मासळी मिसळावी. सूर्यफूल पेंडीत व मासळीत मेथिओनिन चांगले असते. घरचे कच्चे सोयाबीन दळून कधीही घालू नये. त्यातील घटक प्रथिनांच्या पचनाला अडथळा करतात. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. अंड्यावरील कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

मीठ : मिठाची कमतरता हे टोचाटोचीचे एक ठळक कारण आहे. घरी तयार केलेल्या दहा किलो भरड्यात ३० ग्रॅम मीठ बारीक करून सारखे मिसळावे. खारवलेली मासळी वापरत असल्यास वेगळे मीठ घालू नये. बाजारच्या तयार खाद्यात मीठ असतेच. "मीठ दिले की खोड जाते" असे ऐकून पाण्यात मूठमूठ मीठ टाकणे घातक आहे. जादा मिठाने विषबाधा होऊन पक्षी मरतात.

उष्णता व उजेड : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली कोंडलेले पक्षी चिडचिडे होतात. छपरावर तुराट्या, पाचट किंवा कडबा अंथरावा, खिडक्यांना ओली पोती लावावीत, पाणी दोन-तीन वेळा बदलावे. झगझगीत उजेडही टोचाटोची वाढवितो. रात्री दिवा लावायचाच असेल, तर वर्तमानपत्र जेमतेम वाचता येईल इतकाच उजेड ठेवावा आणि दिवसाचा व दिव्याचा मिळून प्रकाश १६ तासांपेक्षा जास्त नसावा. तलंगा लहान असताना जादा उजेड दिल्यास त्या अंगाने पुरत्या भरण्याआधीच अंड्यावर येतात आणि मागील भाग बाहेर येण्याचे प्रमाण वाढते.

उद्योग : कोंबडीला काम द्यावे. जमिनीवर भाताचा तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले तीन-चार इंच जाडीने पसरावीत व त्यात दाणे फेकावेत. शेवगा, लसूणघास, मेथी किंवा कोबीचा पाला जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा. एका कोपऱ्यात कोरडी माती, वाळू व चाळलेली राख यांचा खड्डा करावा. त्यात लोळून कोंबडी अंगावरचे कीटक झाडते.

कळपाची रचना : लहान-मोठे, गावठी व सुधारित पक्षी एकत्र कोंडू नयेत. नवीन पक्षी दिवसा न सोडता संध्याकाळी, सर्वजण दांड्यावर बसल्यावर सोडावेत.

टोचाटोची सुरू झाल्यास काय करावे?

१) जखमी पक्षी ताबडतोब वेगळा करावा. डालीखाली झाकून ठेवला तरी चालेल. जखम पूर्ण सुकल्याशिवाय परत सोडू नये. रक्ताचा एक थेंब दिसला तरी पुन्हा हल्ला होतो.

२) जखम फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी, पोव्हिडोन आयोडिन लावावे. नंतर कडुनिंबाच्या तेलात कालवलेली हळद लावावी. कडू चवीमुळे चोच मारणारा पक्षी मागे हटतो व माश्याही कमी बसतात. लाल रंगाचे औषध लावू नये. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, म्हणून रोज पाहावे. मागील भाग बाहेर आला असेल किंवा जखम खोल असेल, तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

३) अर्धा तास शांत बसून निरीक्षण करावे. बहुधा एक-दोन पक्षीच सुरुवात करणारे असतात. त्यांच्या अंगावरची पिसे मात्र शाबूत असतात. त्यांना पंधरा दिवस वेगळे ठेवावे.

४) खिडक्यांवर पोती टाकून उजेड कमी करावा, पाला टांगावा, गादी उकरून मोकळी करावी आणि त्याच दिवशी खाद्य सुधारावे.

५) कीटक आढळल्यास सर्व पक्षी बाहेर काढून भेगा मातीने लिंपाव्यात, दांडे उन्हात तापवावेत व गादी बदलावी. औषध पशुवैद्यकाने सांगितलेलेच व सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. कपाशीवर फवारण्याचे औषध कोंबड्यांच्या अंगावर किंवा खुराड्यात कधीही मारू नये. पक्षी तर दगावतातच, शिवाय अंड्यांतून ते विष घरच्या मुलांच्या पोटात जाते.

६) चोच कापणे हा शेवटचा उपाय आहे. मोठ्या फार्मवर पिल्ले लहान असताना तापलेल्या पात्याच्या यंत्राने ते करतात. परसातील कोंबडीला किडे टिपून व उकरून खायचे असते. तिची चोच कापली, तर तिचे पोटच मारले जाते. चोचीच्या टोकाला संवेदना असते. घरी विळ्याने किंवा कात्रीने चोच कापण्याचा प्रयोग करू नये.

मेल्यावर टोचलेला पक्षी : एक सावधगिरी

सकाळी खुराड्यात टोचलेला मेलेला पक्षी दिसला, म्हणजे तो टोचूनच मेला असे नाही. रोगाने मेलेल्या पक्ष्यालाही इतर पक्षी टोचतात. जिवंतपणीच्या जखमेभोवती साकळलेले रक्त व काळसर सूज असते. मेल्यानंतरच्या जखमेत रक्त फारसे दिसत नाही. एका-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, किंवा मलूल होणे, तुरा निळसर पडणे, मान वाकडी होणे, हिरवट हगवण अशी लक्षणे दिसली, तर टोचाटोचीला दोष देत बसू नये. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मोठ्या संख्येने दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू आढळला. अशा वेळी मेलेले पक्षी उघड्या हाताने हाताळू नयेत, विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

पिंजऱ्यातील पक्षी स्वतःची पिसे का उपटतो?

अलीकडे खेड्यांतही हौसेने लव्हबर्ड, बजरीगर यांसारखे परदेशी पक्षी पाळले जातात. आपल्याकडील रानातील पोपट पकडणे, विकणे वा पाळणे यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार बंदी आहे, हे लक्षात ठेवावे.

या पक्ष्यांपैकी एखादा स्वतःचीच पिसे उपटतो, कधी कातडी कुरतडून रक्त काढतो. ओळखण्याची साधी खूण अशी, की पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्याला पोहोचत नाही. छाती, मांड्या, पंखाखालचा भाग उघडा आणि डोके मात्र भरलेले असेल, तर तो स्वतःच उपटतो आहे. डोकेही उघडे असल्यास सोबतचा पक्षी किंवा रोग हे कारण समजावे.

कारणे कोंबडीसारखीच आहेत : कातडीचे परोपजीवी वा रोग, फक्त राळे-बाजरीचे दाणे खाऊन होणारी अ जीवनसत्त्वाची उणीव, कोरडी हवा, चुलीचा धूर, तोकडा पिंजरा, मांजराची भीती आणि सर्वात मोठे म्हणजे एकटेपणा व रिकामपण. रानात दिवसभर थव्याने हिंडणारा जीव हातभर पिंजऱ्यात एकटा राहिला, की तो आपल्याच अंगाकडे वळतो.

यासाठी प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी करून रोग नाही याची खात्री करावी. पंख पूर्ण पसरता येतील एवढा पिंजरा द्यावा व तो स्वयंपाकघरापासून दूर, माणसांची ये-जा असलेल्या जागी ठेवावा. दाण्यांसोबत गाजर, पालक, मेथी, कोथिंबीर हळूहळू सुरू करावी. आठवड्यातून दोन-तीन वेळा उथळ ताटलीत अंघोळीला पाणी ठेवावे. फवारणी न केलेली कडुनिंबाची डहाळी, ज्वारीचे कणीस, मक्याची पाने कुरतडायला द्यावीत. रात्री दहा-बारा तास शांतता व अंधार मिळावा. पीस उपटताना पाहून ओरडू नये किंवा धावत जाऊ नये. त्याने लक्ष मिळते व खोड पक्की होते. तो शांत असताना त्याच्याशी बोलावे. नव्या पिसाचा कोंब तुटून रक्त वाहिल्यास स्वच्छ फडक्याने हळद दाबून धरावी. गळपट्टा घालणे हा तात्पुरता उपाय असून तो पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा.

खोड जुनी झाली असल्यास ती पूर्ण जाईलच असे नाही. मुळे वारंवार दुखावली गेली, तर तेथे पुन्हा पिसे येत नाहीत. म्हणूनच पहिली उघडी जागा दिसताच हालचाल करावी.

सारांश

पक्षी कोंडण्यापूर्वी जागा मोजावी, कोंडताना खाद्य वाढवावे व सुधारावे, कोंडल्यावर त्याला काम द्यावे. रात्री बॅटरीने कीटक पाहावेत. पहिला जखमी पक्षी त्याच क्षणी वेगळा करावा. अधिक माहितीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा परभणी येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा. येत्या पेरणीपूर्वी शेतकरी भगिनींनी खुराड्यापुढे एवढे तुराट्यांचे कुंपण उभे केले, तरी शेजाऱ्याचे बी वाचेल आणि घरच्या कोंबड्याही वाचतील.